साडेसहा हजारांची रेकॉर्ड आणि सातशेचं उत्तर

नागपूरच्या एका मैत्रिणीचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गाभा इथे देते.

वय ४४. बँकेत नोकरी. नवऱ्याचा बांधकाम साहित्याचा व्यवसाय, मुलगा नववीत. त्यांच्या बाबांना गाण्याचं वेड होतं. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, बेताच्या पगारातून थोडं थोडं मागे टाकत त्यांनी ३१० रेकॉर्ड्स जमवल्या आणि लेकीला शेजारी बसवून ऐकवल्या. पुढे अकरा वर्षं, दर डिसेंबरात, बापलेक पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जात. तीन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा गेले. रेकॉर्ड्स आणि प्लेअर लेकीकडे आला. तिच्या नवऱ्यानं सुताराला बोलावून हॉलमध्ये रॅक करून दिला. आज त्यात ६९० रेकॉर्ड्स आहेत.

नव्या खरेदीची खरी किंमत ती घरी सांगत नाही. पार्सल बँकेच्या पत्त्यावर मागवते, हजाराची रेकॉर्ड दोनशेची म्हणते. मार्चमध्ये एका विक्रेत्यानं चुकून घरच्या पत्त्यावर पार्सल पाठवलं. नवऱ्यानं विचारलं, "कितीची?" ती म्हणाली, "सातशेची." पावती आतच होती, साडेसहा हजारांची. दोन दिवस ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं अजून किती आहे?" आणि नंतर, "फोनवर सगळं फुकट ऐकायला मिळतं. विकून टाक, नाहीतर खरेदी तरी थांबव."

त्या लिहितात, "त्यांना गाणं कळत नाही, म्हणून मीही कळत नाही. आठ वर्षांपूर्वी एका मैफलीला नेलं तर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू असताना फोन बघत बसले. मला लाज वाटली. पुन्हा कधी बोलावलं नाही. मला फोनवरचं गाणं गाणंच वाटत नाही, खरा आवाज रेकॉर्डचा. मैफलींना आता जात नाही. लोक मोबाइल वर धरून शूटिंग करतात, पूर्वीची मजा राहिली नाही." त्यांचे प्रश्न तीन. रेकॉर्ड्स विकाव्यात का? नवऱ्याला गाण्याची गोडी कशी लावू? आणि डिसेंबरात पुण्याला एकटीनं जावं का?

प्रिय मैत्रिणी,

रेकॉर्ड्स विकू नका. निदान यंदा तरी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही धीरानं वाचाल, कारण पुढे मी तुम्हाला काही टोचणारं विचारणार आहे.

विकू नका म्हणते त्याचं एक कारण व्यवहाराचं आहे. भांडणाच्या भरात काढलेल्या वस्तूला भाव येत नाही. ढीग उचलणारा माणूस ढिगाचाच भाव देतो. त्यातली तुमची साडेसहा हजारांची रेकॉर्ड आणि शेजारची चरे पडलेली सिनेमाची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, त्याच्या लेखी सारखीच. शिवाय त्या ढिगात बाबांच्या ३१० आहेत, आणि सहा महिन्यांनी रात्री जाग येऊन ज्या आठवतील त्या नेमक्या त्याच असतील.

पण मुख्य कारण वेगळं आहे. विकून तुमच्या घरातली गाठ सुटणार नाही. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर तुमचे यजमान जे पहिलं वाक्य बोलले, ते पुन्हा वाचा. "असं अजून किती आहे?" तुम्ही पुढे लिहिलंत की त्यांना आकड्याचीच पडली आहे. मला तसं वाटत नाही. रेकॉर्डबद्दल विचारणारा मराठी माणूस म्हणेल, "अशा अजून किती आहेत?" ते "असं किती आहे" म्हणाले. मला तरी वाटतं, त्यांनी सातशेच्या त्या उत्तराबद्दल विचारलं. अशी अजून किती उत्तरं मला मिळालीत, असं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आजवर मिळालेलं नाही, म्हणून मग ते विकून टाक वगैरे बोलले. माणूस खऱ्या दुखण्यावर बोट ठेवू शकला नाही की जवळच्या वस्तूवर राग काढतो.

तुम्ही पैसे उधळले असं मी म्हणणार नाही. पगार तुमचा आहे. घरातलं काही अडलेलं नाही, मुलाच्या फीला हात लागलेला नाही, हे तुम्ही लिहिलं आहे आणि मी ते खरं मानते. कमावत्या बाईनं स्वतःच्या आवडीवर खर्च करायला कुणाची परवानगी घ्यावी, हे मला मान्य नाही. पण म्हणूनच तुमचं लपवणं मला जास्त खटकलं. किंमत लपवताना तुम्ही स्वतःच कबूल करत होतात की परवानगी लागते. हजाराचे दोनशे सांगण्यात तुमचा हक्क तुम्हीच सोडून दिलात.

हे तुमच्या एकटीचं नाही. साडीची किंमत निम्मी सांगणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. कॅमेऱ्याची लेन्स मित्राकडून उसनी आणली म्हणून घरात घेऊन येणारे पुरुषही ठाऊक आहेत. सुरुवातीला ते थट्टेवारी जातं. मग एके दिवशी पावती निघते आणि समोरच्याला वाटतं, हिनं मला हिशेब तपासणाऱ्या कारकुनाच्या जागी बसवलं. तुमच्या यजमानांनी तीन वर्षांत तुमच्याकडे हिशेब मागितल्याचं पत्रात कुठेही नाही.

तेव्हा आधी हे करा. बँकेतल्याच आहात, खात्याचे उतारे काढायला कष्ट नाहीत. तीन वर्षांत रेकॉर्ड्सवर किती गेले याची बेरीज मांडा. आधी एकटीनं बघा, कारण मला वाटतं तो आकडा तुम्हालाही माहीत नाही. मग मुलगा क्लासला गेला असेल अशा एका संध्याकाळी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि सांगा, "तुम्ही विचारलं होतं, असं अजून किती आहे. एवढं आहे." माफी मागाल तर तिला "पण" जोडू नका. "पण मला बाबांची आठवण येते", "पण तुम्हाला गाणं कळत नाही", हे सगळं खरं असेल, ते दुसऱ्या दिवशी सांगा. त्या दिवशी फक्त आकडा. ते चिडतील कदाचित. चिडू द्या.

आता त्या रॅकबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सुताराला त्यांनी स्वतः बसून माप दिलं, आतली उंची तेरा इंच ठेव म्हणाले, जाड प्लाय वापरायला लावली आणि रॅक पश्चिमेच्या भिंतीला लावू दिला नाही, "ती भिंत मेमध्ये तव्यासारखी तापते" म्हणून. मैत्रिणी, एलपीचं कव्हर सव्वाबारा इंचांच्या आसपास असतं. एका फुटात साठ-सत्तर एलपी उभ्या राहतात आणि त्यांचं वजन पंधरा-अठरा किलो भरतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि एलपी ज्या प्लास्टिकची असते ते तापलं की आपल्याच भारानं वाकतं. ज्या माणसाला रेकॉर्ड्सशी काही घेणंदेणं नाही म्हणता, त्यानं हे सगळं विचारून, मोजून, डोक्यात ठेवून केलं. गाणं न कळणारा माणूस तुम्हाला कळून घेतच नाही, हा निष्कर्ष या रॅकसमोर उभं राहून पुन्हा एकदा तपासा.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे, गोडी लावू नका. विलंबित ख्यालाची बढत अर्धा-पाऊण तास चालते. एकेक स्वर घेऊन गायक फिरत असतो, आणि ज्याला तो कान नाही त्याला वाटतं अजून सुरूच झालं नाही. त्यात तुमचे यजमान दिवसभर सिमेंट-सळईच्या हिशेबात उभे राहून आलेले. त्यांनी फोन पाहिला हे खरं, पण दोन तास ते उठून गेले नाहीत हेही खरं. आठ वर्षं तुम्ही त्यातलं पहिलंच लक्षात ठेवलंत. बाबांनी तुम्हाला घडवलं ते वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून, रोज. तो कान चाळिशीतल्या माणसाला एका संध्याकाळी कुठून येणार? आणि येऊन करायचंय काय? आवड वाटून घेतली तरच संसार गोड होतो, असं काही नाही. माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, तो पहाटे पक्षी बघायला फुटाळा तलावाच्या बाजूला जातो, ती झोपते. त्याच्या दुर्बिणीची पिशवी मात्र रात्री तीच दाराशी ठेवते.

आता तो टोचणारा प्रश्न.

तीन वर्षांत तुम्ही ३८० रेकॉर्ड्स घेतल्या. महिन्याला दहा. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची धरली तर दोन्ही बाजूंची चाळीस मिनिटं, म्हणजे ३८० रेकॉर्ड्सचे अडीचशे तास झाले. तुम्ही लिहिता की रविवारी सकाळी तासभर ऐकता, एरवी वेळ होत नाही. या वेगानं तुमच्या नव्या रेकॉर्ड्स एकेकदा ऐकून व्हायलाच जवळजवळ पाच वर्षं लागतील, आणि तोवर बाबांच्या रेकॉर्ड्सना हात लावायचा नाही. त्यातल्या किती तुम्ही दोनदा ऐकल्यात? मला आकडा कळवू नका. स्वतःला विचारा.

मी हे हिशेबासाठी विचारत नाही. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, "बाबा गेल्यावर खरेदी जरा वाढली." पाचव्या पानावर दुसरं आहे, "तीन वर्षांत एकाही मैफलीला गेले नाही." मधली दोन पानं काढून ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. ज्या श्रावणात एक सुरू झालं, त्याच श्रावणात दुसरं थांबलं. तुम्ही ती दोन वेगळ्या तक्रारींसारखी लिहिलीत. मला ती एकाच दुःखाची दोन टोकं वाटतात.

मैफलीत शेजारी बाबा लागतात. घरी पार्सल फोडताना, कव्हरवरचं नाव वाचताना, सुई टेकवण्याआधी मखमली पॅड फिरवताना ते दहा मिनिटं खोलीत येऊन बसल्यासारखे वाटतात. मग बाजू संपते. मग पुढचं पार्सल. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या माणसासोबतची दहा मिनिटं विकत मिळत असतील तर कोण घेणार नाही? पण ती दहा मिनिटं खरेदीची असतात, ऐकण्याची नसतात, म्हणून ती पुरत नाहीत आणि रॅक भरत जातो. माझा अंदाज चुकलाही असेल. चुकला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, बाकीचं तरीही उपयोगी पडेल.

मैफलीत पूर्वीची मजा राहिली नाही, हेही मला पटलं नाही. मोबाइल तुमच्या अकरा वर्षांतल्या शेवटच्या पाच-सहा वर्षांतही वर होत होतेच. बाबा त्यावर काय करायचे? तुम्हीच लिहिलंय. ते तुमच्याकडे बघायचे, तुम्ही त्यांच्याकडे, आणि ते हळूच म्हणायचे, "पोरी, तिहाई होईस्तोवर हलू नको." (तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येणं.) कंटाळा मोबाइलचा नाही. तो दिसल्यावर नजर टाकायला शेजारी कुणी नाही, त्याचा आहे.

रेकॉर्ड आणि मैफल यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तुम्ही एकीला दुसरीच्या जागी बसवलं आहे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं गायलेलं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या व्यापारी ध्वनिमुद्रणांपैकी ते. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण मुद्रण जर्मनीला जाऊन तिथे तबकड्या छापल्या जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना कुणाचा आवाज कोणता हे कळायला हवं. त्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. मैफलीत एक राग तास-तास मांडणाऱ्या कलावंतांनी तो तीन मिनिटांत बसवायला शिकून घेतला. चार स्वरांत आलाप, झटकन बंदिश, दोन ताना, संपलं. ती एक वेगळीच कला झाली, आणि तिच्यामुळे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं महालातल्या दोन खोल्यांपर्यंत आलं. तुमच्या बाबांसारखे श्रोते तिनं घडवले. पुढे एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप राग कुणाच्याही घरात सावकाश उलगडू लागला.

ज्या महोत्सवाला तुम्ही जात होतात, त्याचंच बघा. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी १९५३पासून गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आज त्या मांडवात बसलेल्या हजारो माणसांपैकी बहुतेकांना सवाई गंधर्वांचा आवाज माहीत असलाच तर तो त्या छोट्या तबकड्यांमुळे. तुमच्या बाबांकडे त्यांची एक आहे असं तुम्ही लिहिलंय. ती तबकडी त्या उत्सवाकडे घेऊन जाते. बाबा तुम्हाला तेच करत होते, घरी ऐकवायचे आणि डिसेंबरात घेऊन जायचे. तुम्ही फक्त पहिला अर्धा भाग चालू ठेवलात.

"खरा आवाज रेकॉर्डचा" यावर मात्र मी तुमच्याशी भांडेन. हल्ली नव्यानं छापल्या जाणाऱ्या कितीतरी रेकॉर्ड्स डिजिटल मुद्रणावरूनच छापतात. एलपीच्या आतल्या वळणांपाशी, बाजू संपता संपता, आवाज फाटतो हे तुमच्या कानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. रेकॉर्डचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. ती तुम्हाला बसवते. वीस मिनिटं उठू देत नाही, आणि मग बाजू बदलायला उठवते. तेवढ्यासाठी ती प्यारी असायला हरकत नाही. पण फोनवरचं गाणं खोटं म्हणालात की घरातल्या ज्या माणसाला फोनवरचं गाणं पुरतं, त्यालाही तुम्ही खोटं ठरवता. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बरंच काही फोनवर आहे. ते आधी तिथे ऐका, तिसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं तर रेकॉर्ड घ्या. जे तिथे नाही, विशेषतः मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांमधलं, त्यासाठी पैसे राखून ठेवा.

माझं थोडं सांगते. माझे यजमान गाणारे नव्हते, पण सम आली की माझ्या मनगटावर एक बोट टेकवायचे. ते गेल्यावर दीड वर्ष मी सभागृहाची पायरी चढले नाही. मीही मैत्रिणींना हेच सांगायचे, हल्ली ऐकण्यासारखं कुणी गातच नाही. मग एका संध्याकाळी सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात गेले, अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, केव्हाही निघता यावं म्हणून. पहिली सम आली आणि मला रडू आवरेना. शेजारच्या अनोळखी बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून पुढे केली. काही विचारलं नाही. मी शेवटच्या भैरवीपर्यंत बसले.

म्हणून पुण्याचा विचार नंतर. आधी नागपुरात एक मैफल. पावसाळ्यात, गायक वसंतराव देशपांड्यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा त्यांच्या नावाचा समारोह त्याच सभागृहात होत आला आहे. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या माणसानं तो ऐकावा असं मला वाटतं. वसंतराव १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात वाढले, इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि पुढे पुण्यात कित्येक वर्षं लष्कराच्या लेखा खात्यात नोकरी करत गात राहिले. बाबांच्या संग्रहात त्यांच्या रेकॉर्ड्स असणारच. त्या दिवशी सकाळी एक लावा आणि संध्याकाळी जा.

मोठ्या समारोहाचं दडपण वाटत असेल तर गुरुपौर्णिमेच्या सुमारास शहरातल्या गाण्याच्या क्लासेसचे कार्यक्रम होतात, तिथे जाऊन बसा. सोळा-सतरा वर्षांची मुलं घाबरत घाबरत यमन गातात, तंबोरा जुळवायलाच दहा मिनिटं जातात, पेटीवाले काका नजरेनं धीर देतात. तिथे बाबांची उणीव कमी भासेल असं मी म्हणणार नाही. पण तिथे तुम्ही बाबांची 'पोरी' नसाल. एखाद्या मुलीची तान अडखळली की तुमच्याच तोंडून बाबांचं काही तरी निघेल.

एकटीनं जायचं आणि रात्री उशिरा परतायचं, यावर सासूबाई काय म्हणतील ही तुमची काळजी मी वाचली. यजमानांना सांगा, सोडायला आणि घ्यायला या. आत बसायचं नाही, हे स्पष्ट सांगा. बघा, त्यांना किती हलकं वाटेल. त्यांना जे जमतं, माप घेणं, वेळेवर हजर असणं, ते त्यांना करू द्या. परतताना गाडीत काय गायलं हे समजावून सांगत बसू नका. भूक लागली असेल, कुठेतरी थांबून खा आणि घरी या.

पैशाचं थोडक्यात. दिवाळीपर्यंत एकही रेकॉर्ड घेऊ नका, हे त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. दिवाळीनंतर महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. तिच्या आत काय घ्यायचं हे तुमचं, त्यात त्यांनी बोलायचं नाही. पार्सल घरच्याच पत्त्यावर येईल. आणि बाबांची ती वही, ज्यात ते रेकॉर्ड कुठे घेतली ते लिहायचे, तिच्या उरलेल्या पानांवर तुम्ही कधी काय ऐकलंत ते लिहायला लागा. खरेदीची नोंद नको, ऐकल्याची. ज्या एकदाही ऐकाव्याशा वाटल्या नाहीत अशा रेकॉर्ड्स वर्षभरात आपोआप वेगळ्या पडतील. त्या सुट्या सुट्या, ऐकणाऱ्या माणसांना विका किंवा द्या. आणि सुई शेवटची कधी बदललीत? हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते, झिजलेली सुई प्रत्येक फेरीत रेकॉर्ड खरवडते. तीन वर्षांत नवी सुई घेतल्याचं पत्रात नाही. दिवाळीपर्यंतच्या बंदीतून तेवढी सूट देते.

मुलगा नववीत आहे आणि त्याला अवकाशयानांचं वेड आहे म्हणालात. त्याला गायिका केसरबाई केरकरांची गोष्ट सांगा. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तीत साडेतीन मिनिटांची त्यांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आता तो आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचला आहे. हे ऐकल्यावर तो रॅकपाशी येईल असा माझा होरा आहे. आला तर त्याला बाबांच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या संगणकावर उतरवून घ्यायचं काम द्या. ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. फक्त त्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नका, त्यांची खाच रुंद असते, सुईही वेगळी लागते. आणि पुसायला स्पिरिट कधीच नको. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरनं ओलसर केलेला मऊ कपडा, वळणांच्या दिशेनं, बस.

अजून एक, हे नागपुरातल्या रेकॉर्ड जमवणाऱ्या सगळ्यांसाठी. उन्हापासून रेकॉर्ड्स जपतो, कूलर विसरतो. कूलरची ओली हवा थेट रॅकवर येत असेल तर पावसाळा लागेपर्यंत कव्हरांवर बुरशी धरते. तुमच्या यजमानांनी भिंत निवडली तेव्हा कूलरची खिडकी कोणती हेही बघितलं असेल का, विचारा त्यांना. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका, माळ्यावर आणि उन्हातल्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

राहिलं पुणे. जा. नागपूरची एक मैफल झाल्यावर, आणि तो कागद घरात वाचून झाल्यावर. तिकीट सांगून काढा, खर्च सांगा, चार दिवस घर कोण बघणार हे आधी ठरवा. भारतीय बैठकीचंच तिकीट घ्या, बाबांबरोबर घ्यायचात तेच. शाल लागेल. तुम्हा बापलेकीची जुनी सतरंजी न्या. ती निम्मी दुमडून बसू नका, पूर्ण पसरा. गर्दी वाढली की कुणीतरी वाकून विचारेल, "इथे कोणी आहे का?" थोडं सरका आणि म्हणा, "या, बसा."